दलदलीवरची मैफल

अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलेला मनुष्य काय काय पाहून येतो, ते आता आपल्याला पाठ झाले आहे. कालवे, सायकली, ट्यूलिपची फुले, रेम्ब्राँची चित्रे आणि चीजचे गरगरीत गोळे! फोटो दाखवता दाखवता यजमान चहा थंड करतात आणि पाहुणे जांभया आवरतात. या यादीत ज्या इमारतीचे नाव सहसा नसते, तिच्याविषयी आज लिहायचे आहे. तिचे नाव 'कॉन्सर्टखेबाउ'. उच्चाराला घाबरू नये. डच भाषेतला 'ख' घशात अडकलेला माशाचा काटा काढावा तसा काढायचा असतो. अर्थ मात्र अगदी साधा आहे : मैफलीची इमारत. ना राजाचे नाव, ना देणगीदाराचे. २०१३ मध्ये सव्वाशे वर्षे पुरी झाली तेव्हा राणीच्या वतीने तिला 'राजमान्य' ही पदवी मिळाली. पण गावात अजून कोणी ती पदवी लावून बोलताना मी ऐकले नाही. व्यापाऱ्यांचे गाव ते. गोदामाला गोदाम म्हणावे आणि मैफलीच्या इमारतीला मैफलीची इमारत.

माझा भाचा तिथे नोकरीला आहे. त्याच्या घरी पाहुणचार घेत असताना या इमारतीच्या पुढल्या हंगामाचा कार्यक्रम माझ्या हाती आला, आणि आपल्या-त्यांच्या संगीतातला खरा फरक रागदारी किंवा स्वरमेळ यांत नसून पंचांगात आहे, अशी माझी खात्री पटली. आपल्याकडे गवई आज काय गाणार, हे तंबोरे जुळेपर्यंत गवयालासुद्धा ठाऊक नसते. श्रोत्यांनी विचारलेही तर तो मंद हसतो. तिकडे सप्टेंबरात सुरू होऊन जूनमध्ये संपणारा अख्खा हंगाम आदल्या वसंतातच छापून तयार! अमुक गुरुवारी रात्री सव्वाआठला बर्लिनहून आलेले लोक तमुक सिंफनी वाजवणार म्हणजे वाजवणारच. कुटुंबेच्या कुटुंबे पेन्सिल घेऊन बसतात, वर्गणीची मालिका निवडतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत आपण कोणत्या रात्री भारावून जाणार, याचे पैसे आज भरून मोकळी होतात.

"मामा, इथे आजारी पडायचं ते सुद्धा मैफलीची तारीख बघून," भाचेसून म्हणाली.

नुसती मैफलच नव्हे, माणसेही अशीच आगाऊ ठरतात. या सभागृहात ज्याचे घर आहे त्या वाद्यवृंदाने क्लाउस मॅकेला या फिनलंडच्या तरुणाची प्रमुख संचालक म्हणून निवड जाहीर केली ती २०२२ मध्ये, आणि पदभार ठरला २०२७ पासूनचा. निवड झाली तेव्हा हा गृहस्थ सव्वीस वर्षांचा. पाच वर्षे लांबचा मुहूर्त आपल्याकडे लग्नालासुद्धा कोणी धरत नाही.

इमारतीचा जन्म मात्र इतका शिस्तीत झाला नाही. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅमकडे पैसा होता, जहाजे होती, पण धड वाद्यवृंद नव्हता. थोर संगीतकार ब्राह्म्स तिथे येऊन वाजवून गेला आणि जाताना 'माणसे गोड, वादक सुमार' अशा अर्थाचा शेरा मारून गेला, असे सांगतात. शेरा झोंबला. १८८१ मध्ये गावातल्या सहा प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन सभागृह बांधायचे ठरवले. सरकारने काही करावे म्हणून अर्ज करीत न बसता त्यांनी भागभांडवल उभे केले. जागा घेतली ती शहराच्या हद्दीबाहेरची, नियूवर-आम्स्टेल नावाच्या शेजारच्या गावातली, जिथे तेव्हा कुरणे होती. वास्तुशिल्पी निवडला ए. एल. व्हान गेंट. या गृहस्थाला संगीताचा कान नव्हता म्हणतात. नमुना समोर ठेवला जर्मनीतल्या लाइप्झिगच्या सभागृहाचा.

पुढची गोष्ट मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. इमारत १८८६ मध्ये उभी राहिली, पण उद्घाटन झाले १८८८ च्या ११ एप्रिलला. कारण मधल्या काळात रस्ता कोणी करायचा, वाटेतला ओढा कोणी बुजवायचा आणि दिवे कोणी लावायचे, यावर नगरपालिकेशी खल चालला होता. शेवटी दिवस उजाडला तेव्हा शंभरावर वादक आणि पाचशेच्या घरात गाणारे मंचावर होते आणि बाहेर गाड्याघोड्यांची रीघ लागली होती. आज तिथे समोर विस्तीर्ण हिरवळ आहे, पलीकडच्या टोकाला रेम्ब्राँचे चित्रालय आहे आणि दारावरून ट्राम जाते. छपराच्या टोकाला एक सोनेरी वीणा चमकते. वीणा म्हणजे ग्रीकांची 'लायर', पण दुरून पाहताना आपले मन आपलाच शब्द वापरते.

आत शिरल्यावर पहिली निराशा होते. काही भव्यदिव्य अपेक्षेने जावे, तर समोर एक लांबट, उंच, फिकट रंगाची खोली. चव्वेचाळीस मीटर लांब, अठ्ठावीस रुंद, सतरा उंच. बुटांच्या खोक्यासारखी सरळ. खुर्च्या जवळजवळ दोन हजार. मंच चांगला उंच, त्याच्या मागे चढत जाणारी आसने आणि सर्वांत वर १८९१ चा भला थोरला ऑर्गन. पण पहिला स्वर निघाला की निराशा संपते. स्वर विझत नाही, दोन सेकंदांहून थोडा अधिक काळ तो खोलीत रेंगाळतो; श्रोते नसतील तर त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात मागचा स्वर पुढच्यात असा मिसळतो, की शंभर वाद्ये निराळी राहत नाहीत. देवळाच्या गाभाऱ्यात म्हटलेली ओळ जशी भिंतींना वळसा घालून परत येते, तसेच काहीसे. फक्त गाभाऱ्यात शब्द पुसट होतात, इथे होत नाहीत. जगातल्या अत्युत्तम नादाच्या चार-दोन सभागृहांत हिची गणना होते. संगीताचा कान नसलेल्या माणसाने ते बांधले, यावर ध्वनिशास्त्रज्ञांनी काय म्हणायचे ते म्हणावे. अर्थात या गुणाचा तोटाही आहे. विजेने आवाज वाढवलेले संगीत इथे चिखल होऊन बसते. एके काळी पिंक फ्लॉइडसारख्या मंडळींनीही इथे वाजवले आहे. ऐकणाऱ्यांना शब्द किती कळले असतील कोण जाणे!

इथला एक रिवाज नवख्याला मोठा गमतीचा वाटतो. इतर सभागृहांत कलावंत पडद्याआडून अलगद येतात. इथे संचालक आणि एकलवादक अवतरतात ते ऑर्गनच्या बाजूच्या दारातून, आणि मग लाल गालिचा घातलेला उंच जिना, दोन्ही बाजूंना श्रोते, दोन हजार माणसांचे डोळे रोखलेले, अशा थाटात पायरी पायरी उतरून मंचावर येतात. लांब पायघोळ झगा घातलेली गायिका असली तर सगळी सभा श्वास रोखते. टाळ्या अभिनंदनाच्या, की सुखरूप पोहोचल्याच्या, हे सांगणे कठीण जाते.

जिन्यावरून नजर हटली की ती सज्जाच्या कठड्याकडे आणि भिंतींकडे जाते. तिथे चौकटींत संगीतकारांची नावे कोरली आहेत. बाख, बेथोव्हेन, मोझार्ट हे ओघानेच आले. त्यांच्या शेजारी रोन्टखन, डीपेनब्रॉक, झ्वेअर्स, डॉपर अशी नावेही ऐटीत बसली आहेत, जी हॉलंडबाहेर फारसे कोणी ओळखत नाही. पाहुण्यांना हसू येते. मला मात्र ते आवडले. आपल्या घरच्या भिंतीवर गांधी-टिळकांच्या शेजारी आजोबांचा फोटो लावायला कोणाची परवानगी लागते?

पण या नावांची एक कहाणी आहे, आणि ती हसण्याजोगी नाही.

१८९५ मध्ये विलेम मेंगेलबर्ग हा चोवीस वर्षांचा तरुण या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला आणि त्याने पन्नास वर्षे त्याची सूत्रे सोडली नाहीत. ब्राह्म्सच्या शेऱ्याला खरे उत्तर दिले ते याने. तालमी इतक्या कडक, की वादक रडकुंडीला यावेत. परिणाम असा, की युरोपातले थोर संगीतकार आपली नवी रचना घेऊन आपण होऊन अ‍ॅमस्टरडॅमला येऊ लागले. त्यांत गुस्टाफ मालर हा व्हिएन्नाचा ज्यू संगीतकार होता. त्याच्या सिंफनी तेव्हा लोकांना लांबलचक आणि विक्षिप्त वाटत. मेंगेलबर्गने हेका धरला. १९०४ च्या ऑक्टोबरात त्याने एक अजब कार्यक्रम आखला : मालरची चौथी सिंफनी, मग मध्यंतर, आणि मध्यंतरानंतर पुन्हा मालरची चौथी सिंफनी! संचालन स्वतः मालरचे. एकदा ऐकून कळली नाही ना, मग पुन्हा ऐका. आणि अ‍ॅमस्टरडॅमकरांनी ऐकली. १९२० मध्ये, मालर जाऊन नऊ वर्षे झाल्यावर, मेंगेलबर्गने त्याच्या झाडून सगळ्या सिंफनींचा महोत्सव केला. या गावाने मालरला आपला मानला तो असा. त्याचे नावही भिंतीवर चढले.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा आल्या. पुढच्या वर्षी वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले. त्यांतले काही छळछावण्यांतून परत आले नाहीत. ज्यू संगीतकारांचे संगीत बंद झाले. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की संगीत बंद झाले तरी नावे भिंतीवर आहेतच. तेव्हा मेंडेल्सझोन, रुबिनस्टाइन आणि मालर ही तीन नावे झाकून टाकण्यात आली. विचार करून पाहा : ज्या भिंतींनी चौथी सिंफनी एका रात्रीत दोनदा ऐकली, त्याच भिंतींवर मालरच्या जागी कोरी चौकट! मैफली चालूच होत्या. लोक तिकिटे काढून येत होते. समोरच्या कोऱ्या चौकटीकडे पाहत टाळ्या वाजवीत होते की मान खाली घालून बसत होते, हे आज सांगायला फारसे कोणी उरलेले नाही.

आणि मेंगेलबर्ग? त्याने संचालन थांबवले नाही. हॉलंडात केले, जर्मनीतही जाऊन केले. त्याला राजकारण कळत नव्हते, त्याने काही ज्यू वादकांसाठी रदबदली केली होती, असे त्याचे कैवारी म्हणतात. देशाने ते मानले नाही. युद्धानंतर त्याच्यावर संचालनाची बंदी आली. आधी आजन्म, मग कमी करून सहा वर्षे. बंदी संपायच्या वर्षीच, १९५१ मध्ये, तो स्वित्झर्लंडमधल्या आपल्या डोंगरातल्या घरी वारला. ज्याने हे सभागृह जगाच्या नकाशावर आणले, त्याला त्याचे दार पुन्हा दिसले नाही. मला त्याची कीव येते का? येते. पण त्या काढून टाकलेल्या वादकांची नावे मात्र कोणाला सहज आठवत नाहीत, हे ध्यानात आले की कीव थोडी आवरती घ्यावीशी वाटते.

झाकलेली नावे युद्धानंतर पुन्हा उघडी झाली. १९९५ मध्ये मालरचा दुसरा महोत्सव झाला. तिसरा २०२० मध्ये, पहिल्याच्या शताब्दीला, व्हायचा होता. तो कोरोनाच्या साथीने खाल्ला. अखेर २०२५ च्या मे महिन्यात तो पार पडला आणि त्यात घरच्या वाद्यवृंदाबरोबर बर्लिन, बुडापेस्ट, शिकागो येथले वाद्यवृंद आले, आणि थेट टोकियोचाही आला. एकोणीसशे चारची ती दोनदा वाजलेली सिंफनी कुठवर पोहोचली, ते यावरून कळावे.

भिंतीवरच्या नावांवरून एक भांडण झाले, तसे छापील कार्यक्रमावरूनही झाले. सुदैवाने ते विनोदी होते. १९६९ च्या १७ नोव्हेंबरला बर्नार्ड हायटिंक संचालन करीत असता सभागृहातून अचानक कटकट, कडकड असे आवाज येऊ लागले. तरुण संगीतकारांची एक टोळी खेळण्यातले पत्र्याचे बेडूक, खुळखुळे आणि कर्णा घेऊन श्रोत्यांत बसली होती. मागणी एकच : हंगाम कोण ठरवतो, आणि मेलेल्या संगीतकारांपुढे जिवंतांना जागा का नाही, यावर इथे आणि आत्ता चर्चा करा! सेवकांनी त्यांना उचलून बाहेर काढले. इतिहासात ही मंडळी 'अक्रोडफोडे' म्हणून अमर झाली. मौज अशी, की त्यांतला मिशा मेंगेलबर्ग हा विलेम मेंगेलबर्गच्याच घराण्यातला नातू. त्याहून मौज अशी, की त्यांतलाच लुई आंद्रीसेन पुढे हॉलंडचा सर्वांत नामांकित संगीतकार झाला, आणि २०१३ मध्ये त्याच वाद्यवृंदाने सव्वाशे वर्षांच्या सोहळ्यासाठी त्याची नवी रचना त्याच सभागृहात वाजवली. चव्वेचाळीस वर्षे लागली, पण बेडकाला उत्तर मिळाले.

आता त्या दलदलीकडे वळू. अ‍ॅमस्टरडॅमची जमीन म्हणजे वर माती, खाली पाणी आणि चिखल. तिथे घर बांधायचे म्हणजे आधी लाकडाचे लांब खांब खालच्या घट्ट वाळूपर्यंत ठोकायचे आणि त्यांवर पाया घालायचा. कॉन्सर्टखेबाउखाली असे २,१८६ खांब होते, प्रत्येकी बारा-तेरा मीटरचे. लाकूड पाण्याखाली राहिले तर शतकानुशतके टिकते. पाणी खाली गेले आणि हवा लागली, की कुजते. १९८३ मध्ये उघडकीस आले, की इमारत खचते आहे. भिंतींना बोट जाईल अशा भेगा पडल्या होत्या. वर बीथोव्हन चालू आहे आणि खाली शंभर वर्षांचे लाकूड सडते आहे!

तेव्हा पुन्हा वर्गणी. शंभर वर्षांपूर्वी सहा गृहस्थांनी जे केले, तेच आता मोठ्या प्रमाणावर झाले. कंपन्यांनी दिले, सामान्य श्रोत्यांनीही दिले. १९८५ मध्ये काम सुरू झाले. इमारत उभीच ठेवून तिच्याखालचे कुजके खांब बाद करायचे आणि नवे आधार द्यायचे, म्हणजे चालत्या माणसाच्या पायातले बूट बदलण्यासारखे. खाली तळघर खणून वादकांना खोल्या केल्या आणि बाजूला काचेचे नवे प्रवेशदालन जोडले. ते दालन मला मुळीच आवडले नाही. जुन्या शालूला नायलॉनचा काठ लावल्यासारखे दिसते. पण पावसात भिजत उभे राहण्यापेक्षा ते बरे, हे मान्य केले पाहिजे. १९८८ च्या शताब्दीला इमारत पुन्हा ताठ उभी होती.

हंगामातले काही दिवस घरच्या सणांसारखे ठरलेले आहेत. ईस्टरच्या आधीच्या रविवारी बाखचे 'मॅथ्यू पॅशन'. ही प्रथा १८९९ मध्ये मेंगेलबर्गने पाडली. नाताळच्या दुपारी खास मैफल. शनिवारी दुपारची मालिका १९६१ ची. तेव्हा डच कामगारांना शनिवारची सुटी नुकतीच मिळू लागली होती, आणि या सुटीचे लोकांनी करायचे काय, म्हणून नभोवाणीने ही मालिका काढली. तिचे मूळ नावच 'मोकळ्या शनिवारची मैफल' अशा अर्थाचे होते. सुटी मिळाल्यावर लोकांच्या हाती संगीत देणारी नभोवाणी! मला त्या काळच्या अधिकाऱ्यांचा हेवा वाटला.

श्रोते कसे असतात? शिस्तीचे. सिंफनीचे चार भाग असतील तर चौथा संपेपर्यंत टाळी नाही. मधल्या शांततेत मात्र दोन हजार माणसे एकदम खोकून घेतात. आपल्यासारखी 'क्या बात है' ची दाद नाही, मान डोलावणे नाही. माझा हात दोनदा मांडीवर ताल धरायला गेला आणि शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे सौम्यपणे पाहिले. शेवटी मात्र सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि हे दररोज करतात. त्यामुळे मैफल उत्तम झाली की बरी, हे टाळ्यांवरून कळत नाही. मध्यंतराची एक सोय आपल्या वाचकांना कळवली पाहिजे : बऱ्याच मैफलींच्या तिकिटातच कोट ठेवण्याचे आणि पेयाचे पैसे धरलेले असतात. काटकसरी राष्ट्र असले तरी हे त्यांनी छान केले आहे.

आपल्याकडे या संगीताचे असे घर असावे, ही इच्छा नवी नाही. मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबीन अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला आणि जगाचा झाला. गोव्याच्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकलेले वादक या वाद्यवृंदांत वाजवीत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपण ज्या गाण्यांवर वाढलो त्यांतल्या व्हायोलिनच्या लाटा या लोकांच्या हातच्या. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एन.सी.पी.ए.त सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, त्याचेही हंगाम होतात, आणि त्यात बरेच वादक परदेशातून येतात. दोनदा जाऊन आलो. वाजवतात उत्तम. पण आजूबाजूला पाहिले तर दादर-गिरगावची, ठाण्याची माणसे विरळ. तिकीट महाग म्हणून, की हे आपले नव्हे ही समजूत म्हणून? तिकिटापेक्षा जास्त पैसे आपण एका रात्रीच्या हॉटेलात घालवतो, तेव्हा पहिले कारण मला पुरते पटत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला गेलात आणि खिशाला फार ताण द्यायचा नसला, तर बुधवार साधा. हंगामात बुधवारी दुपारी साडेबाराला अर्ध्या तासाची विनामूल्य मैफल करण्याची तिथली जुनी चाल आहे. जागा आधी राखून ठेवावी. कधी कोवळे विद्यार्थी वाजवतात, कधी रात्रीच्या मैफलीची तालीमच ऐकायला मिळते. मी गेलो त्या बुधवारी पुढच्या रांगेत शाळेची पोरे होती, मागे कचेरीतून डबा तसाच घेऊन आलेले लोक होते, आणि माझ्या शेजारी एक वृद्ध बाई, काठी पायांशी ठेवून. मी सज्जाकडे टक लावून पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. ऑर्गनच्या बाजूचे दार उघडले, एक मुलगी व्हायोलिन छातीशी धरून जिना उतरू लागली. बाईंनी माझ्या बाहीला हात लावला, बोटाने कठड्यावरची एक चौकट दाखवली आणि हळूच म्हणाल्या, "मालर." मग तेच बोट ओठांवर ठेवले, कारण मुलगी शेवटच्या पायरीवर आली होती.